श्वानखाद्याच्या पुड्यावरील घटकसूची कशी वाचावी

बडोद्यातील मराठी घरांत कुत्र्याला पूर्वापार दूध-पोळी, दहीभात, वरणभात हेच खाणे मिळत आले आहे आणि पुष्कळ घरांत ते अजूनही मिळते. मात्र दांडिया बाजार, रावपुरा भागातील जुन्या वाड्यांपासून शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांपर्यंत आता तयार खाद्याचा पुडाही स्वयंपाकघरात येऊन बसला आहे. पुडा आणताना आपण पुढच्या बाजूचे चित्र, किंमत आणि दुकानदाराची शिफारस एवढेच पाहतो, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांकडे पाहत नाही. वास्तविक माणसाच्या आहारात रोज काही ना काही बदल होतो, कुत्रा मात्र तेच खाद्य दोन वेळा, महिनोन्महिने खातो. म्हणून त्याच्या पुड्यावरील मजकूर आपल्या बिस्किटाच्या पुड्यापेक्षा अधिक बारकाईने वाचला पाहिजे.

प्रथम पुडा उलटा करावा

मागच्या बाजूला चार गोष्टी शोधाव्यात: घटकसूची, पोषणमूल्यांचा तक्ता, हे खाद्य कोणासाठी आहे याचे विधान आणि उत्पादनाचा महिना व मुदत. परदेशी पुड्यावर आयातदाराने पांढरी चिकटपट्टी लावलेली असते आणि ती कधी कधी नेमक्या घटकसूचीवरच बसते. अशा वेळी दुकानदाराला त्याच खाद्याचा दुसरा पुडा दाखवायला सांगावे. काही दुकानांत मोठे पोते फोडून खाद्य सुटे तोलून देतात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतील त्या खाद्याला ना घटकसूची असते ना मुदत, म्हणून थोडे स्वस्त मिळाले तरी ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

चारही गोष्टींत मी सर्वांत आधी वाचतो ते विधान. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा नुसते ‘कम्प्लीट’ असे लिहिले असेल, तर ते खाद्य एकट्याने पूर्ण आहार म्हणून देण्यासाठी बनवले आहे असा उत्पादकाचा दावा असतो. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेले असल्यास ते केवळ जोडीला द्यायचे. ग्रेव्हीची अनेक छोटी पाकिटे या दुसऱ्या प्रकारची असतात, पण तीच दोन वेळा जेवण म्हणून दिली जातात. पिल्लू, प्रौढ की सर्व वयांसाठी, हेही याच विधानात कळते. अमेरिकेतील ‘आफको’ या संस्थेचे पोषणमान पाळल्याचा उल्लेख पुष्कळ पुड्यांवर असतो. ती संस्था मान ठरवते, ती स्वतः कोणतेही खाद्य तपासत नाही की मंजूर करत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनेही कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक केलेले आहे.

घटकांचा क्रम आणि त्यातील पाणी

घटकसूची वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते: जो घटक सर्वांत जास्त वजनाचा, तो प्रथम. हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो, परंतु हे वजन घटक मिश्रणात टाकतानाचे असते, खाद्य शिजून वाळल्यानंतरचे नव्हे, ही गोष्ट लक्षात न घेतल्याने बरीच फसगत होते. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते. समजा, १०० किलो मिश्रणात २० किलो ताजे चिकन आणि १८ किलो तांदूळ आहे; सूचीत चिकन पहिले येईल, पण पाणी उडून गेल्यावर चिकनचा कोरडा भाग उरेल सुमारे ६ किलो आणि तांदळाचा जवळजवळ १६ किलो. भिजवलेले हरभरे आणि कोरडे हरभरे एकाच वजनाचे घेतले, तर डाळ कशातून जास्त निघेल हे घरातल्या कोणालाही सांगावे लागत नाही; येथेही तोच हिशेब आहे.

या उलट ‘चिकन मील’ म्हणजे उष्णता देऊन पाणी आणि बरीचशी चरबी काढलेली मांसाची पूड. तिच्यात प्रथिनांचे प्रमाण बहुधा ६० टक्क्यांच्या वर असते. नाव ऐकून ती निकृष्ट वाटते, तरी सूचीत दुसऱ्या क्रमांकावरची चिकन मील पहिल्या क्रमांकावरच्या ताज्या चिकनपेक्षा अधिक प्रथिने देत असू शकते.

एकच धान्य वेगवेगळ्या नावांनी लिहिण्याची पद्धतही ओळखता आली पाहिजे. चिकन मील पहिली, नंतर मका, मक्याचे ग्लुटेन (धान्यातून वेगळा काढलेला प्रथिनांचा भाग), मक्याचा कोंडा अशी सूची असेल, तर हे तिन्ही एकत्र केल्यावर मक्याचे वजन चिकन मीलच्या पुढे जाण्याची शक्यता मोठी असते. तेच तांदूळ, तांदळाची कणी आणि राइस ब्रान म्हणजे तांदळाचा कोंडा यांचे. म्हणून पहिल्या सात-आठ घटकांतील एका कुळाची नावे पेन्सिलीने एका खुणेने जोडावीत. सूचीचे खरे रूप लगेच दिसते.

आता मीठ कोठे आहे ते शोधावे. कोरड्या खाद्यात मीठ साधारणपणे एक टक्क्याच्या आतच घालतात, तेव्हा मिठानंतर आलेला प्रत्येक घटक त्याहूनही कमी असतो. पुढच्या बाजूला गाजर, पालक, ब्लूबेरी यांची मोठी चित्रे असतील आणि सूचीत ही नावे मिठाच्या खाली येत असतील, तर त्या चित्रांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

नावे नेमकी आहेत की मोघम

‘चिकन’, ‘चिकन लिव्हर’, ‘फिश ऑइल’ ही नेमकी नावे झाली. ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’, ‘अॅनिमल फॅट’, ‘सीरियल्स अँड सीरियल बाय-प्रॉडक्ट्स’ ही मोघम. मोघम नावाखाली एका वेळी एक आणि पुढच्या वेळी दुसरा कच्चा माल येऊ शकतो, आणि ज्या कुत्र्याला एखादा पदार्थ सोसत नाही त्याच्या बाबतीत ही अडचण गंभीर ठरते. मात्र बाय-प्रॉडक्ट म्हणजे टाकाऊ कचरा, हा समज बरोबर नाही. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड हे अवयव त्यात येतात आणि ते कुत्र्यासाठी पौष्टिकच असतात. अमेरिकी व्याख्येनुसार केस, शिंगे, दात आणि खूर त्यात धरले जात नाहीत. ‘चिकन डायजेस्ट’ हा दाण्यांवर फवारलेला चवीचा अर्क असतो, आणि कुत्रा एखाद्या खाद्यावर तुटून पडतो त्याचे श्रेय बऱ्याचदा या अर्काचेच असते. आवडीने खाल्ले म्हणजे खाद्य उत्तम, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

तक्ता वाचताना ओलावा वजा करावा

तक्त्यात क्रूड प्रोटीन आणि क्रूड फॅट यांचे किमान, तर क्रूड फायबर आणि मॉइश्चर यांचे कमाल प्रमाण दिलेले असते. कोरड्या दाण्यांत सुमारे १० टक्के ओलावा असतो, ग्रेव्हीच्या पाकिटात ८० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे दोघांच्या प्रथिनांचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना होत नाही. १०० मधून ओलावा वजा करावा आणि प्रथिनांच्या आकड्याला त्या बाकीने भागून १०० ने गुणावे. दाण्यांत २२ टक्के प्रथिने आणि १० टक्के ओलावा असेल, तर २२ भागिले ९०, म्हणजे सुमारे २४ टक्के. पाकिटात ८ टक्के प्रथिने आणि ८२ टक्के ओलावा असेल, तर ८ भागिले १८, म्हणजे सुमारे ४४ टक्के. आफकोच्या मानानुसार कोरड्या भागात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत. चरबीचे हेच आकडे ५.५ आणि ८.५ टक्के आहेत.

‘क्रूड’ प्रथिनांचा आकडा नायट्रोजन मोजून काढलेला असतो. ती प्रथिने कोठून आली आणि किती पचतील हे तो सांगत नाही. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलेले आढळले, त्यामुळे प्रथिने जास्त असल्याचे भासत होते. उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि खाद्याचे असंख्य पुडे बाजारातून परत घ्यावे लागले. आकडा आणि घटकसूची एकत्रच वाचायची, ती यासाठी.

कर्बोदके तक्त्यात बहुधा नसतात, पण ती काढता येतात. प्रथिने २०, चरबी १०, तंतू ५, ओलावा १० आणि राख म्हणजे खनिजांचा भाग साधारण ८ धरल्यास बेरीज ५३ होते. उरलेले ४७ टक्के कर्बोदके. प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ३.५ ने, चरबीला ८.५ ने (एका ग्रॅममागच्या अंदाजे कॅलरींनी) गुणून बेरीज केली की १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ३२० कॅलरी येतात. नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६३० कॅलरी लागतात, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम दाणे. जेवणाव्यतिरिक्तचे वरचे खाणे एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवावे. तूप लावलेल्या एका पोळीत १०० ते १२० कॅलरी जातात, तेव्हा आजींच्या हातून मिळणारी पोळी अर्ध्यावर थांबली पाहिजे, किंवा तेवढे दाणे कमी केले पाहिजेत.

रासायनिक नावे आणि टिकवणारे पदार्थ

सूचीच्या शेवटी झिंक ऑक्साइड, कोलीन क्लोराइड, डायकॅल्शियम फॉस्फेट, डीएल-मेथिओनाइन, मेनाडायोन अशी नावे आली की काही जण घाबरून पुडा खाली ठेवतात. ही बहुतांशी जीवनसत्त्वे, खनिजे आणि अमिनो आम्ले आहेत आणि त्यांच्याविना खाद्य पूर्णच होणार नाही. ग्वार गम तर गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या गवारीच्या बियांचा डिंक आहे, ग्रेव्ही दाट करण्यासाठी वापरला जाणारा.

टिकवणाऱ्या पदार्थांकडे मात्र लक्ष द्यावे. बीएचए, बीएचटी आणि इथॉक्सिक्विन हे कृत्रिम. मिक्स्ड टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्वाचे प्रकार आणि रोझमेरीचा अर्क हे नैसर्गिक. युरोपीय संघाने २०१७ मध्ये पशुखाद्यातील इथॉक्सिक्विनची परवानगी स्थगित केली. मी टोकोफेरॉलवाले खाद्य निवडतो, पण ते कमी टिकते, आणि बडोद्यात मे महिन्यात ४० अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि नंतरची पावसाळी दमट हवा यांत उघड्या पुड्यातील चरबी लवकर खवट होते. महिन्याभरात संपेल एवढाच पुडा आणावा, तो मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि उघडताना खवट वास आला तर सरळ परत करावा.

पुढच्या बाजूचे दावे

अमेरिकी नियमांत ‘विथ चिकन’ लिहायला ३ टक्के चिकन पुरते, तर ‘चिकन फ्लेवर’ला केवळ ओळखू येण्याइतकी चव. ही टक्केवारी येथील प्रत्येक पुड्याला लागू होते असे धरू नये, मात्र शब्दांतला फरक जरूर पाहावा.

‘ग्रेन फ्री’साठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्याने पिष्ट पचवण्याची क्षमता मिळवली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांमध्ये त्यासाठीच्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त आढळल्या. धान्याच्या जागी वाटाणे, मसूर आणि बटाटा भरपूर घातलेल्या खाद्यांचा हृदयाच्या एका विकाराशी संबंध आहे काय, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केला. कारण निश्चित सिद्ध झाले नाही, तरी सावधगिरी शहाणपणाची आहे.

शाकाहारी घरांसाठी शाकाहारी खाद्यही मिळते. कुत्र्याला ते चालू शकते, पण सूचीत मेथिओनाइन आणि टॉरिन ही अमिनो आम्ले, बी १२ आणि डी जीवनसत्त्व वेगळे घातलेले असले पाहिजे. घरात मांजर असेल तर तिला हे खाद्य कदापि देऊ नये.

आपल्या कुत्र्याशी ताडून पाहावे

खाज, कानाचे वारंवार होणारे दुखणे किंवा पोट बिघडणे असेल, तर संशय धान्यावर जातो; प्रत्यक्षात २०१६ च्या एका आढाव्यात कुत्र्यांच्या अन्न-अॅलर्जीत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन हे गव्हाच्याही पुढे होते. म्हणून सूचीतील मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन या दुधापासूनच्या घटकांच्या नावांखालीही रेघ मारावी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेला चाचणीचा आहार किमान आठ आठवडे पाळावा. त्या काळात दूध-पोळीही बंद.

लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लासाठी तक्त्यात कॅल्शियम पाहावे. कोरड्या भागात ते १.८ टक्क्यांच्या वर नसावे. असे खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे सिरप देण्याची आपल्याकडची सवय पिल्लाच्या हाडांना अपाय करते. ट्रीट आणि माणसांसाठीच्या गोड वस्तूंच्या लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ), मनुका, चॉकलेट, कांदा किंवा लसणाची पूड दिसली तर ती वस्तू कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नये.

वाचूनही काही अस्पष्ट राहिले तर पुड्यावरील ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे: ‘मीट’ म्हणजे कोणत्या प्राण्याचे, १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी, आणि आहार आखणारा पशुपोषणतज्ज्ञ कंपनीकडे आहे काय. निवड झाल्यावर जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा आणि बॅच क्रमांकाचा तुकडा पुडा संपेपर्यंत डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवावा, म्हणजे कुत्रा आजारी पडल्यास डॉक्टरांना आणि कंपनीला नेमके सांगता येते.