पंपाची नवी एअर रायफल: पेटी उघडल्यावर या चुका टाळा

नवी छऱ्याची बंदूक हातात आली की पहिला मोह असतो तो भराभर पंप मारून डबा उडवायचा. नेम चुकला की मग दुर्बिणीचे स्क्रू पिळायला सुरुवात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पंपाच्या रायफलीत आधी हवा तपासा, नेम सगळ्यात शेवटी.

छर्रा न भरता, नळीचं तोंड मातीच्या ढिगाकडे ठेवा. बोल्ट (मागची सरकती खिट्टी) ओढून कॉक करा, म्हणजे बंदूक ताणून फैरीला तयार करा, आणि मगच तीन पंप मारा. कॉक न करता पंप मारणं ही फार सर्रास होणारी चूक. बऱ्याच मॉडेलांत तेव्हा हॅमर (ट्रिगर ओढल्यावर व्हॉल्व्हला ठोका देणारा भाग) हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांडीला टेकलेला असतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, हवा नळीतून निघून जाते आणि चांगली बंदूक ‘हवाच धरत नाही’ म्हणून परत जाते.

कॉक करूनही हवा जात असेल तर ती कुठून जाते ते पाहा. पंपाचा दांडा मिटल्यावर आपोआप उघडू लागला, तर हवा आत अडवून धरणारा चेक व्हॉल्व्ह गळतोय. फुस्स आवाज नळीकडून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे फैरीच्या वेळी हवा सोडणारा, गळतोय. शांत खोलीत हा आवाज बाजूला बसूनही ऐकू येतो, कान नळीच्या तोंडाशी नेऊ नका. नव्या बंदुकीत कधी व्हॉल्व्हच्या बैठकीवर धातूचा बारीक कीस अडकलेला असतो. तो दोन-चार वेळा हवा सोडली की उडूनही जातो. नाही गेला तर दुकानात न्या. स्वतः व्हॉल्व्ह खोललात तर वॉरंटी गेलीच, आणि आत दाब शिल्लक असेल तर इजाही होते.

पंपाला जोरच लागत नसेल तर पिस्टनचा वॉशर कोरडा असू शकतो. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. गंज सोडवायचा स्प्रे मात्र आत मारू नका, सील खराब होतात.

जास्त पंप म्हणजे जास्त ताकद, हा समज तर काढूनच टाका. बेंजामिन ३९२ या पंपाच्या रायफलीला ३ ते ८ पंप सांगितले आहेत. मर्यादा ओलांडली की आतला दाब इतका वाढतो की हॅमरला व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही. छर्रा उलट हळू जातो आणि उरलेली हवा आतच राहते. म्हणून फैर झाल्यावरही बंदूक रिकामी समजू नका. पुन्हा कॉक करून, छर्रा न भरता, सुरक्षित दिशेला ट्रिगर ओढा आणि आवाज बंद होईपर्यंत हे करा.

एवढं झालं की नेम. दस्त्याचे आणि दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत ना, ते बघा. एकाच डब्यातले, घेर न चेपलेले शिशाचे छर्रे घ्या. १० मीटरवर दर वेळी तितकेच पंप मारा, समजा पाच. एकदा चार, एकदा सात मारले तर वेग बदलतो, छर्रा वर-खाली लागतो आणि दुर्बीण कितीही फिरवली तरी जुळत नाही.