हजेरीच्या बाईची अडवणूक: देखरेखीत या चुका टाळा

देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याच्या १९७२ च्या प्रकरणातून पुढे १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तरी जामिनावर किंवा परिविक्षेवर (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, देखरेखीखाली) सुटलेल्या बाईची हजेरी, म्हणजे ठरल्या दिवशी ठाण्यात किंवा कार्यालयात येऊन नोंद करणं, बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाच्या हाती असते, आणि घात तिथेच होतो.

पहिली चूक वेळेची. पाचला बोलावलं, साहेब सहाला आले, गावाकडची शेवटची एस.टी. गेली. मग "चल, सोडून देतो" म्हणत मोटारसायकल निघते. तिच्या परतीच्या गाडीची वेळ विचारून हजेरी सकाळी ११ ते १ मध्ये ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडते, म्हणून वारही तिलाच विचारून ठरवा. कर्मचाऱ्याच्या गाडीवर बसवणं बंद म्हणजे बंद.

हजेरी दिल्याचा पुरावा तिच्याकडे नसतो, म्हणूनच "गैरहजर दाखवीन, कोर्टात रिपोर्ट पाठवीन" ही धमकी चालते. तारीख, वेळ, सही-शिक्क्याची पावती दर वेळी तिच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. अटी मोडल्याचा अहवाल जाण्याआधी वरिष्ठांनी तिचं म्हणणं ऐकावं, तेव्हा तो कर्मचारी खोलीत नको.

गृहभेटीला दिवसाउजेडी दोघांनी जा, त्यात एक महिला हवीच. बसायचं ओसरीवर. गावातल्या कुणाला सोबत नेऊ नका. बोभाटा झाला की तिला कामाला कोणी बोलावत नाही.

रात्री खासगी मोबाइलवरून "जेवली का?" हा मेसेज साधा दिसतो, पण सुरुवात अशीच होते. संपर्क कार्यालयाच्या फोनवरूनच, कार्यालयीन वेळेत.

"तिची संमती होती" म्हणून फाइल मिटवणं सर्वांत वाईट. ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या बाईला पदाचा गैरवापर करून शरीरसंबंधाला राजी करणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे: ५ ते १० वर्षं सक्तमजुरी. जबरदस्ती असेल तर तो बलात्कारच.

तक्रार येताच त्याच दिवशी तिची फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. हेलपाटे तिला नकोत, हलवायचं त्या माणसाला. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं; ते, कॉलच्या नोंदी आणि हजेरीवही लगेच सील करा. "ती आपली कर्मचारी नाही" म्हणून कार्यालयातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीने तिला परत पाठवणं चूक आहे: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नोकरीत नसलेली स्त्रीही ३ महिन्यांत तक्रार करू शकते. मोफत वकिलासाठी १५१००, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२, हे नंबर पावतीच्या मागेच छापा.