एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे पुढचे ब्रेक होज बदलताना

पेडल सोडलं तरी पुढचं चाक जखडलेलंच राहतं? कॅलिपर (चाकाला ब्रेक लावणारा भाग) उघडण्याआधी रबरी होज, म्हणजे त्याला ब्रेकचं तेल पोचवणारी नळी, बघा. जुना होज आतून फुगतो. दाबाने तेल पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून मात्र ठणठणीत दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

आधी धातूच्या पाइपचा नट फ्लेअर-नट पान्याने (नटाला जवळपास सगळीकडून पकडणाऱ्या) सोडवा. साध्या पान्याने कडा झिजतात. मग होजला ब्रॅकेटमध्ये धरून ठेवणारा लॉकनट, शेवटी कॅलिपरकडचं टोक. नवा होज बसवताना तिथे तांब्याचा वॉशर नवाच घाला. होजला पीळ नको. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो कुठे घासत नाही ना, पाहा.

डॉट ४ प्रतीचं ब्रेक तेल भरून हवा काढा; मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब तेलाला देणारा भाग) सर्वांत लांब असलेल्या चाकाने सुरुवात करा. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.