जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील इंधनदोष टाकीपासून कसा शोधावा

जुनी स्पोर्ट्‌स कार चढावर गुदमरू लागली, की गॅरेजमध्ये पहिला हात कार्बोरेटरवर पडतो. तो खोलला जातो, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकला जातो, स्क्रू इकडेतिकडे फिरवले जातात आणि टाकीतला किंवा पंपातला मूळ दोष तसाच राहून त्यावर नव्या बिघाडाची भर पडते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार आहे. इंधन ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने तपासत जावे आणि कार्बोरेटर सर्वांत शेवटी खोलावा, एवढे पथ्य पाळले तर बहुतेक दोष घरच्या आवारात सापडतात. उदाहरणासाठी येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली, १७९८ सीसी इंजिनाची एमजीबी ही ब्रिटिश गाडी घेतली आहे. तिच्या बहुतेक आवृत्त्यांवर एसयू या बनावटीचे दोन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) आणि मागच्या बाजूला विजेवर चालणारा एसयू पंप असतो.

दोष इंधनाचाच आहे, याची खात्री आधी करावी. गरम झाल्यावर दगा देणारा, ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल पेट्रोल न मिळाल्याची हुबेहूब नक्कल करते. गाडी बंद पडताक्षणी प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल आणि ठिणगी चांगली निळी पडत असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त होत आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. ठिणगी पाहताना काढलेला प्लग कार्बोरेटरपासून दूर धरावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून हे काम उघड्यावर आणि सकाळच्या गारव्यात करावे, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि नळी सोडण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी.

टाकीची पहिली चाचणी अगदी सोपी आहे. गाडी दम तोडू लागली, की रस्त्याच्या कडेला घेऊन टाकीचे झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालू लागली, तर हवा येण्याचा मार्ग बुजला आहे, असे समजावे. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या बारीक धुळीला त्यासाठी फार काळ लागत नाही. यानंतर तळाचे थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून ते निवांत बसू द्यावे. तळाशी तांबूस पूड बसली तर टाकी आतून गंजली आहे. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आले आहे. पावसाळाभर अर्धवट भरलेल्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास आढळते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल काही प्रमाणात पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला जातात आणि पंप नेमका तोच थर आधी ओढतो. अशा वेळी फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते.

एसयू पंप हा या गाडीतला सर्वांत बोलका भाग आहे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू न करता कान द्यावा: भराभर टकटक व्हावी, फ्लोटच्या वाट्या (कार्बोरेटरमधील पेट्रोल साठणाऱ्या वाट्या) भरताच ती मंदावून थांबावी आणि पुढे बराच वेळ शांतता राहावी. टकटक मुळीच होत नसेल तर कार्बोरेटरकडची नळी सोडून, तिचे तोंड डब्यात धरून पुन्हा ऐकावे, कारण वाट्या भरलेल्या असताना किंवा वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई अडकलेली असताना चांगला पंपही गप्पच असतो. तरीही तो गप्प राहिला तर त्याच्या टर्मिनलवर वीज येते का आणि अर्थची तार गंजली आहे का, हे मीटरने पाहावे. वीज असताना स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर पंप सुरू झाला, तर त्याचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, जळले आहेत. पुढच्या प्रवासात तो पुन्हा थांबणारच. टकटक अतिशय संथ होत असेल आणि पंपाचे अंग तापत असेल, तर टाकीकडून येणारा मार्ग तुंबला आहे. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, ओढणाऱ्या बाजूने हवा शिरत आहे किंवा फ्लोटची सुई गळून कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत आहे.

आवाज बरोबर असला तरी प्रवाह मोजावाच. नळीचे तोंड बरणीतल्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर पेट्रोल यावे आणि सुरुवातीचे बुडबुडे लवकर थांबावेत. बुडबुडे येतच राहिले तर टाकी आणि पंप यांमधला एखादा जोड किंवा चिरलेली रबरी नळी हवा घेत आहे. तेथून पेट्रोल ठिबकत नसल्याने हा दोष डोळ्यांना दिसत नाही.

खानदेशातल्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि रावेर-सावदा रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे रांगत चाललेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता साठते. सगळे त्याला सरसकट ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. परंतु एमजीबीत पंप मागे असून तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ अडकण्यापेक्षा गाडी थांबल्यावर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळणे अधिक संभवते. या इंजिनात एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर एकाच बाजूला असतात आणि मधला उष्णतारोधक पत्रा पूर्वीच्या दुरुस्तीत कोणीतरी काढून ठेवलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही. चहाला थांबल्यावर गाडी सुरू होत नसेल, तर वाट्यांवर ओले फडके ठेवून पाहावे. त्याने फरक पडला तर आधी तो पत्रा शोधावा.

एवढे झाल्यावरच कार्बोरेटरकडे वळावे. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमधला सरकता पिस्टन बोटाने उचलून सोडावा. तो न अडखळता खाली येऊन ‘टक्‌’ असा स्पष्ट आवाज झाला पाहिजे. वरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल मंद करणाऱ्या तेलाच्या कप्प्यात) तेल नसेल तर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. तेथे एसएई २० दर्जाचे तेल पुरते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण तपासण्यासाठी गरम इंजिन आयडलिंगवर ठेवून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण योग्य, वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, आणि इंजिन बसू लागले तर पेट्रोल कमी.

२०२२ मध्ये देशात १० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले गेले आणि आता २० टक्क्यांचे पेट्रोल सर्वत्र मिळते. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, पडते. एचएस प्रकारच्या एसयू कार्बोरेटरमध्ये जेटखालची (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीखालची) षट्‌कोनी चाकी एकेक पैलू खाली फिरवून प्रत्येक वेळी वरची चाचणी पुन्हा करावी. जुन्या रबरी नळ्या मात्र तपासत बसण्यापेक्षा सरळ इथेनॉल सोसणाऱ्या नव्या घालाव्यात, कारण जुन्या नळ्या आतून सुटून त्यांचे काळे कण थेट सुईखाली जाऊन बसतात.

शेवटची परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाही. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट सलग चढावा, वरच्या प्रशस्त जागी गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी आणि हातमोजे घालून प्लग काढावेत. चारही प्लग बिस्किटी रंगाचे असतील तर काम झाले. पांढरे पडले असतील आणि आयडलिंगला मिश्रण योग्य होते, तर भार आल्यावर पेट्रोल अपुरे पडत आहे. अशा वेळी जेटला हात न लावता पुन्हा पंपाचा प्रवाह मोजावा.