आई-बाळाचा ठराव ग्रामसभेत असा लिहा

‘गावातील माता व बालमृत्यू कमी करण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करावेत.’ असा ठराव हात वर करून मंजूर होतो आणि इतिवृत्तातच झोपतो. त्यात ना रक्कम असते, ना तारीख, ना कोणाचं नाव.

आधी यादी करा. गेल्या दोन वर्षांतले जन्म, मृतजन्म आणि वर्षाच्या आतले मृत्यू काढायला आशाताई, अंगणवाडीताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर अशा तिघींच्या नोंदवह्या शेजारी ठेवा. आकडे सहसा जुळत नाहीत. पहिल्या बाळंतपणाला सून माहेरी जाते. सासरच्या यादीतून निघते, माहेरच्या यादीत चढत नाही. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून लिहिलं जातं. रडलं होतं का, हललं होतं का, श्वास घेतला होता का, हे आजीला हळुवारपणे विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर तो बालमृत्यू. सभेत फक्त आकडे वाचा, नावं नकोत.

मग घरभेटी. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली प्रसिद्ध झालं. 2011 पासून हेच काम देशभर आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर भेटी सहा: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची सातवी. ठरावात हे दिवस आकड्यांत लिहा, ‘नियमित भेटी’ असं मोघम नको. माहेरवाशिणीला माहेरच्या गावातली आशाताई भेटेल, आणि सासरची आशाताई तिला फोनवर कळवेल, हेही लिहा.

भेटीत वजन, ताप आणि दूध ओढणं पाहायचं. 2500 ग्रॅमच्या आतलं बाळ कमी वजनाचं. 1800 च्या आतलं असेल तर थेट दवाखाना. शांत बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजा. तेवढेच आले तर वाट बघू नका. इथेच गाडं अडतं: काटा बिघडलेला, थर्मामीटरची बॅटरी गेलेली. म्हणून दुरुस्तीची रक्कम ठरावातच हवी.

पैसा कुठला? ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठीच असतात. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध, म्हणजे गावाने ठरवून वापरायचा, निधीही असतो. शिलाई मशीनं वाटून झाली असतील, तर आता काटा घ्या. पण काम गावच्या विकास आराखड्यात चढलं नसेल, तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) खर्च टाकू शकत नाहीत. म्हणून 2 ऑक्टोबरच्या सभेआधी मसुदा तयार ठेवा आणि आधी महिला सभेत मांडा.

गाडीचं कलम वेगळं ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात जाणं-येणं, औषधं, रक्त, जेवण मोफत आहे. तरी 108 ला रस्ता सापडत नाही किंवा पुरात ओढा आडवा येतो. दोन खाजगी जीपवाल्यांचे नंबर, ठरलेलं भाडं आणि ते किती दिवसांत चुकतं होईल, हे लिहून घ्या. भाडं रखडलं की पुढच्या वेळी जीप येत नाही.

शेवटचं कलम: दर ग्रामसभेत किती बाळंतपणं, ठरलेल्यापैकी किती भेटी झाल्या, काटा चालू की बंद, एवढं वाचून दाखवायचं. आशाताईंचं पद रिकामं असेल, तर भेटी कोण करणार त्याचं नाव त्याच सभेत.