गिऱ्हाईकाचं कार्ड त्याचंच आहे ना, हे दुकानदाराने कसं बघायचं

दुकानात स्वाइप मशीन आलं की कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, समोरचा माणूस जे क्रेडिट कार्ड देतोय ते खरंच त्याचं आहे का, आणि नसलं तर पैसे कोणाचे बुडणार. तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कार्डवाल्याची ओळख पटवायचं मुख्य काम त्याच्या बँकेचं आहे, आपलं नाही. आपण फक्त बँकेला ते काम नीट करू द्यायचं, मध्ये शॉर्टकट मारायचा नाही आणि नंतर दाखवायला पुरावा ठेवायचा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, आधारची झेरॉक्स मागतील आणि पिन मात्र गिऱ्हाईकाला मोठ्याने विचारून स्वतःच दाबतील.

पिनपासूनच सुरू करू. हॉटेलात, पेट्रोल पंपावर रोज बघतो आपण, पोरगा मशीन हातात धरून लांबूनच ओरडतो "काका पिन काय?" आणि काका पण चारचौघांत सांगून टाकतात. हे पहिलं बंद करा. पिन हीच त्या माणसाची ओळख आहे, तो त्यानेच दाबायचा, मशीन त्याच्या हातात द्यायचं आणि आपण मान दुसरीकडे वळवायची. मशीन वायरवालं असेल आणि काउंटरच्या बाहेर पोचत नसेल तर गिऱ्हाईकाला आत बोलवा, पण कार्ड घेऊन आपण आतल्या खोलीत जायचं नाही. उद्या त्या कार्डावर कुठे गडबड झाली तर पहिला संशय जो कार्ड घेऊन नजरेआड गेला त्याच्यावरच जातो.

कार्ड चिपवालं असेल तर चिपच घालायची. मशीन एक-दोनदा चिप वाचत नाही म्हणून लगेच पट्टी ओढायची सवय वाईट आहे, कारण बनावट कार्ड बनवणारे काळ्या पट्टीचीच नक्कल करतात, चिपची नक्कल करणं फार अवघड. आपल्या बँकांची कार्डं चिप आणि पिनवालीच आहेत, तेव्हा कोणी म्हणालं की "चिप खराब आहे, तुम्ही स्वाइपच करा" तर सरळ दुसरं कार्ड मागा किंवा यूपीआय करायला सांगा. पट्टीवर केलेला व्यवहार नंतर खोटा निघाला तर नुकसान बहुतेक वेळा आपल्याच बाजूला येतं.

पिन बरोबर पडला की स्लिपवर "पिन व्हेरिफाइड ओके" आणि सही लागत नाही अशा अर्थाची ओळ छापून येते. ती ओळ बघायची सवय लावा. त्याच स्लिपवर कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात, कार्ड हातात असेपर्यंत ते कार्डावरच्या चार आकड्यांशी जुळवून बघा, दोन सेकंदाचं काम आहे. वर एक नंबर छापलेला आणि पट्टीत दुसऱ्याच कार्डाची माहिती भरलेली, असं बनावट कार्ड याच एका तपासणीत सापडतं. अपवाद फोनने टॅप केल्याचा, तिथे मशीनला खऱ्या कार्डाऐवजी दुसरा टोकन नंबर जातो, त्यामुळे शेवटचे आकडे कार्डाशी जुळतीलच असं नाही, तेव्हा उगाच गिऱ्हाईकाला चोर ठरवू नका.

टॅपचं वेगळं आहे. १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंत टॅप केलं तर पिन लागत नाही, म्हणजे एवढ्या रकमेला कार्ड कोणाचं आहे हे कोणीच विचारत नाही, कार्ड सापडलेला माणूससुद्धा टॅप करू शकतो. दुकानदार म्हणून यात करण्यासारखं एकच, बिल फोडायचं नाही. १४००० चं बिल आहे आणि गिऱ्हाईक म्हणतंय "तीन वेळा टॅप करा, पिन आठवत नाहीये" तर नम्रपणे नाही म्हणा. पिन खरंच विसरला असेल तर बँकेच्या अ‍ॅपवरून तिथेच उभ्या-उभ्या नवीन बनवता येतो, बऱ्याच बँकांची तशी सोय आहे. ज्याचं कार्ड आहे तो ते करेल, ज्याचं नाही तो "एटीएममधून कॅश घेऊन येतो" म्हणून जाईल आणि परत यायचा नाही.

आता कार्डावरच्या नावाचं. कार्डावर पुरुषाचं नाव आणि समोर ताई उभ्या, हे तर आपल्याकडे रोजचंच. नवऱ्याचं कार्ड बायको वापरते, बापाचं कार्ड पोरगा घेऊन येतो. नियमाने बघितलं तर कार्ड ज्याच्या नावाचं त्यानेच वापरायचं असतं, घरच्यांसाठी अ‍ॅड-ऑन कार्ड मिळतं, त्यावर त्यांचं स्वतःचं नाव असतं. पण पिन बरोबर पडला की मशीनच्या दृष्टीने विषय संपला आणि ज्याने घरात पिन सांगितला जबाबदारी त्याची, म्हणून साड्या घ्यायला आलेल्या वहिनींना मी तरी कधी अडवणार नाही. लाखाचा मोबाईल किंवा सोनं असेल तर मात्र "साहेबांना एक फोन लावता का" एवढं विचारायला हरकत नाही, खरं असेल तर कोणी रागावत नाही. बरीचशी नवीन कार्डं तर बिननावाचीच येतात, नाहीतर नाव-नंबर सगळं मागच्या बाजूला, त्यामुळे नाव हा पुरावा म्हणून तसा लंगडाच.

ओळखपत्र मागायचं का? मागू शकता, पण व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारणपणे असं आहे की व्यवहार नीट होत असताना निव्वळ ओळखपत्र दाखवलं नाही म्हणून कार्ड नाकारायचं नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना मागू नका, संशय आला किंवा रक्कम मोठी असली तर विनंती करा. फोटो आणि नाव बघायचं आणि परत द्यायचं, झेरॉक्स काढायची नाही, आधारचा नंबर वहीत उतरवायचा नाही, लायसन्स किंवा पॅन दाखवलं तरी चालतं. आणि कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही कुठेही साठवून ठेवायला कार्ड कंपन्यांची सक्त मनाई आहे. अमेरिकन एक्सप्रेसवर तो चार आकडी असतो आणि पुढच्या बाजूला, नियम मात्र तोच.

गोव्यात, कोकणात, छत्रपती संभाजीनगर-अजिंठ्याकडे ज्यांचं हॉटेल किंवा होमस्टे आहे त्यांच्याकडे परदेशी कार्डं येतात आणि तिथे गोंधळ होतो, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांना पिनच नसतो, मशीन पिन न विचारताच पास करतं आणि स्लिपवर सहीची जागा सोडतं. तिथे सही समोर घ्या आणि पासपोर्टवरच्या सहीशी ताडून बघा. पासपोर्ट तुमच्याकडे असतोच, परदेशी पाहुण्याची माहिती (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत सरकारला कळवावी लागते. पासपोर्टवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच आहे का हे त्याच वेळी बघून टाका.

फोनवरची आणि ऑनलाइन ऑर्डर, खरी डोकेदुखी इथे आहे, कारण ना कार्ड दिसतं ना माणूस. भारतातलं कार्ड असेल तर तसं सोपं, पेमेंट गेटवेवरून (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) लिंक पाठवायची, गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर कार्ड नंबर टाकतो आणि ओटीपी त्याच्याकडे येतो. ऑनलाइन कार्ड पेमेंटला ही दुसरी तपासणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासूनच सक्तीची केलीय, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नियमांत एसएमएसवरच्या ओटीपीशिवाय अ‍ॅपमधली मंजुरी, बोटाचा ठसा असे दुसरे मार्गही बँकांना मोकळे आहेत. आपण काय करायचं नाही तर फोनवर कार्ड नंबर लिहून घेऊन "आता ओटीपी सांगा" म्हणायचं नाही. तुम्ही कितीही सज्जन असलात तरी फसवणारा हेच वाक्य बोलतो, आणि शहाणं गिऱ्हाईक तिथेच फोन ठेवतं.

परदेशातलं कार्ड असेल तर ओटीपीचा भरवसा नाही. हापूसचा सीझन घ्या, एप्रिल-मे मध्ये न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या आईबाबांना चार डझनाची पेटी पाठवतो, कार्डाचा पत्ता अमेरिकेचा आणि डिलिव्हरी कोथरूडला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात दोन पत्ते वेगळे दिसले की घंटा वाजते, आपल्याकडे तेच नॉर्मल, त्यामुळे वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात. गेटवेला विचारून थ्री-डी सिक्युअर (ऑनलाइन पेमेंटला कार्डवाल्याच्या बँकेकडून ओळख तपासून घ्यायची सोय) चालू आहे का बघा, म्हणजे परदेशी बँक तपासणी करत असेल तर होते आणि ती झाली की फसवणुकीची जबाबदारी बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. तपासणी न होता पेमेंट पास झालं असेल तर माल पाठवण्याआधी पुण्याच्या नंबरवर एक फोन करा, "तुमच्या मुलाने पेटी पाठवलीय, घरी कधी असाल?" आईबाबांना मुलाचं नाव सांगता आलं, तो कुठे असतो ते सांगता आलं, झालं की काम. या एका फोनइतकी चांगली तपासणी कुठलं सॉफ्टवेअर करत नाही असं माझं मत आहे.

संशयाच्या खुणा अशा: एकाच ऑर्डरला एकामागून एक वेगवेगळी कार्डं फेल होतात आणि चौथं चालतं. पेमेंट झाल्यावर डिलिव्हरीचा पत्ता बदलतो. भाव विचारत नाही, आंब्याची जात विचारत नाही, पेट्या मात्र पन्नास हव्यात आणि उद्याच. आणि सगळ्यात जुनी युक्ती, "मी कार्डावरून जास्त पैसे भरतो, त्यातले माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला तुम्ही ट्रान्सफर करा". कार्ड चोरीचं, ट्रान्सपोर्टवाला त्याचाच माणूस, महिन्याभराने खरा मालक तक्रार करतो आणि आंबे, पैसे दोन्ही गेले. याचंच छोटं रूप काउंटरवर येतं, कार्डावर खरेदी आणि संध्याकाळी परत करून कॅश मागायची. रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर द्यायचा, रोख नाही, यूपीआयवर नाही.

मशीनने कार्ड नाकारलं किंवा कार्ड जप्त करा असा मेसेज आला तर हिरोगिरी करू नका. "मशीन घेत नाहीये, बँकेत विचारा" एवढं बोलून कार्ड परत द्या आणि तो गेल्यावर मशीनवरच्या स्टिकरवरच्या हेल्पलाइनला कळवा. आणि उलट कोणी येऊन म्हणालं की माझ्या कार्डावरून तुमच्याकडे खरेदी झालीय पण मी केली नाही, तर भांडत बसू नका, त्याला लगेच बँकेत कार्ड ब्लॉक करायला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा. तीन कामाच्या दिवसांत कळवलं आणि चूक त्याची नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाने त्याचं नुकसान शून्य धरलं जातं, उशीर केला तर ते वाढत जातं.

शेवटी स्लिपा. कार्डवाल्याला वाद घालायला बऱ्याच प्रकरणांत १२० दिवसांपर्यंत मुदत असते, म्हणजे दिवाळीच्या खरेदीची नोटीस तुम्हाला संक्रांतीनंतरही येऊ शकते, आणि थर्मल कागदाची स्लिप गल्ल्याजवळच्या उन्हाने तोवर पांढरी पडलेली असते. म्हणून मोठ्या रकमेच्या स्लिपेचा आणि बिलाचा त्याच दिवशी फोटो काढून तारखेप्रमाणे फोल्डरमध्ये टाका, घरपोच माल असेल तर घेणाऱ्याची सही किंवा कुरिअरची पावती सोबत. चार्जबॅकचा, म्हणजे कार्डवाल्याच्या तक्रारीवरून बँक तुमच्याकडून पैसे परत मागते त्याचा, मेल आला की उत्तराची मुदत थोडे दिवसच असते, मेल स्पॅममध्ये जातो, म्हणून बँकेकडे जो ईमेल दिलाय तो दुकानात रोज कोणीतरी उघडणारा असू द्या, सीएच्या ऑफिसचा नको.