पूर यायच्या आधी जनावरं हलवा, नंतर नाही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडं किती जनावरं दावणीलाच गेली हे ज्यांनी बघितलंय ते विसरू शकत नाहीत. म्हैस पोहते हो, पण गळ्यात दावं असेल तर पोहणार कशी?

म्हणून पहिलं काम, कोल्हापुरात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला म्हणजे इशारा पातळीला आलं की लगेच जनावरं उंचावर न्यायची, ४३ फुटाची धोका पातळी यायची वाट बघू नका कारण तोवर रस्तेच बंद होतात आणि गाभण म्हैस टेम्पोत चढवायलाच अर्धा तास जातो. कुठं न्यायचं ते मे महिन्यातच पाहुण्यांशी बोलून ठेवा. घटसर्प, फऱ्याची लस पण पावसाआधीच. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि जनावराचा फोटो मोबाईलमध्ये पाहिजेच, नुकसानभरपाईला लागतो.

अगदीच अडकलात तर दावी सोडा, गाठ सुटत नसेल तर विळ्यानं कापा. रात्री गाठ एका ओढीत सुटेल अशीच मारा. कुत्र्याची साखळी पण काढा, घाईत तेच राहतं.

पाणी उतरल्यावर भिजलेला, बुरशी आलेला कडबा अजिबात घालू नका, कितीही जीवावर आलं तरी. खुरं धुऊन कोरडी करा, खुरांच्या बेचक्यात चिखल राहिला की जखमा चिघळतात. जनावर चारा सोडून गप्प उभं दिसलं की १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाईनला फोन लावा.